प्रवासाचं कारण: पर्यटन

मी आयुष्यात एकदाच परदेशी गेले आणि तिथे पर्यटक म्हणून चार महिने राहिले. त्या चार महिन्यांत मी पाहिलं ते एक स्वयंपाकघर, त्याच्या मागचं अंगण, गावातला दवाखाना आणि समुद्रकाठची मिठागरं. पुढे वर्तमानपत्रात मॉरिशसच्या जाहिराती येऊ लागल्या, निळं पाणी, नारळ, हसणारी जोडपी. त्या बघताना मला वाटायचं, हे दुसरंच कुठलं तरी बेट असावं. मला आठवतं ते थंडीचं बेट. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिथे हिवाळा असतो. उसाच्या शेतांतून वारा यायचा आणि माझी बहीण दुपारीसुद्धा स्वेटर घालून बसायची.

ती माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटी. आई लवकर गेली, त्यामुळे तिची वेणी घालण्यापासून तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं. वडील निवृत्त झाल्यावर आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदरला गोडदेवच्या बाजूला दोन खोल्यांची जागा घेतली. तेव्हा तिथे इमारती विरळ होत्या, गॅलरीतून खाडी आणि मिठागरं दिसायची, मधल्या शेतांत पाणी साचायचं आणि पिण्याचं पाणी टँकरने यायचं. मला तिथल्याच एका शाळेत नोकरी मिळाली. मराठी शिकवायचं आणि ग्रंथालयाचं कपाट सांभाळायचं. वडील दोन वर्षांत गेले. मग आम्ही दोघीच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक भाडेकरू आला. मॉरिशसचा मुलगा, मराठी शिकायला शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला. शहरात खोली परवडेना म्हणून भाईंदरला. एका संध्याकाळी तो दारात उभा राहिला. बूट आधीच काढून हातात धरलेले.

"बाय, तुमच्याकडं पुस्तकं हायत असं कळलं. मला वाचाया पायजेत."

आतून बहिणीचं हसू ऐकू आलं. "ताई, हा कसला परदेशी? हा तर मोरव्याचा!"

जवळच्या मोरवा गावाहून आमच्याकडे एक मासेवाली यायची, तिचं बोलणं असंच हाय-न्हायचं. मला ओशाळल्यासारखं झालं. त्याने मात्र मनावर घेतलं नाही. म्हणाला, "मोरवा कुटं हाय? माझा पणजा तिथलाच असंल." त्याचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले होते, पण कोकणातल्या कुठल्या गावचे ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. भाषा तेवढी उरली होती, तीही म्हाताऱ्यांच्या तोंडात.

मी त्याला पुस्तकं देत राहिले. मी शुद्धलेखन तपासायची, ती त्याचं बोलणं सुधारायची. वर्षभराने माझ्या लक्षात आलं की त्याचं बोलणं सुधारलं नव्हतं, तिचंच बिघडलं होतं. ती मधूनमधून मला "ताय" म्हणायला लागली होती. दोघांचं लग्न झालं, ती त्याच्याबरोबर मॉरिशसला गेली. महिन्याला एक निळं हवाईपत्र यायचं, कडेकडेने, घडीवरसुद्धा लिहिलेलं. तो तिथे शाळेत मराठी शिकवायला लागला. मूलबाळ झालं नाही. दुसरं कुठलं दुःख त्या पत्रांत नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

नव्वदीच्या मध्यात एका रविवारी पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बेन जिन्यातून ओरडल्या, "टीचर, जल्दी! मॉरिशसवाला जमाई का फोन!" आमच्या जिन्यात तेव्हा फोन त्यांच्याचकडे होता. मी ओल्या हातांनी धावत गेले. तो हळू बोलत होता.

"तिच्या पोटात गाठी हायत. डॉक्टरांनी उघडलं आन् परत शिवून टाकलं."

बेन समोरच भाजी निवडत होत्या.

"तिला अल्सर म्हून सांगितलंय," तो म्हणाला. "तुम्ही या. फिरायला येताय असं मी तिला सांगतो."

आज हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. तेव्हा आमच्यासारख्या घरांत असंच होतं. रोग्याला त्याच्या रोगाचं नाव सांगायचं नाही. सांगितलं तर तो खचेल, आणि खचला तर लवकर जाईल, असं सगळ्यांनाच वाटायचं, डॉक्टरांनाही. घरात कुणी तो शब्द उच्चारत नसे. मी शाळेत रजेच्या अर्जावरसुद्धा 'घरगुती कारण' असं लिहिलं.

स्टेशनजवळच्या तिकिटवाल्याने पासपोर्ट चाळून परत दिला. "व्हिसा-बिसा काही नको मॅडम. परतीचं तिकीट दाखवा, कुठे उतरणार ते सांगा, तिकडेच शिक्का मारतात. टुरिस्ट म्हणून आरामात राहा." तिथल्या विमानतळावर एका बाईने विचारलं, सुट्टीसाठी का? मी हो म्हटलं. तिने तीन महिन्यांचा शिक्का मारला. त्या सरकारच्या लेखी मी पर्यटक होते, आणि बहिणीच्या लेखीही. कुठेच खरं सांगायची वेळ आली नाही, याचं मला त्या दिवशी बरंच वाटलं होतं.

ती दारात उभी होती. मी मनाची तयारी करून गेले होते, तरी तिचं मनगट हातात घेतलं तेव्हा माझी बोटं एकमेकांवर चढली. ती म्हणाली, "बघ, बारीक झाले ना? इथल्या बायका त्यासाठी पैसे मोजतात."

तिने माझ्यासाठी बघण्याच्या ठिकाणांची यादी करून फ्रिजवर चिकटवली होती. मोठाल्या पानांच्या कमळांची बाग, सात रंगांची माती, धबधबा, डोंगरावरचं तळं. रोज सकाळी चहा घेताना ती त्यातलं एक ठरवायची. "आज बाग." अकरा वाजेपर्यंत तिचा चेहरा उतरायचा. मग ती खिडकीकडे बघून म्हणायची, "ढग आलेत गं. आज नको." मी लगेच म्हणायची, "मलाही जरा वाचायचंच होतं." ऊन लख्ख पडलेलं असायचं. असे आम्ही दोघींनी कितीतरी दिवस ढगाळ केले.

तिच्या सासूबाई घरात फार कमी बोलत. शेजारणींशी तिथल्या क्रिओल भाषेत, माझ्याशी जुन्या कोकणी वळणाच्या मराठीत. देवाच्या आरत्या त्या एका वहीतून म्हणत. वही रोमन अक्षरांत लिहिलेली, शब्द आपले. त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मला ओट्याजवळ बोलावून म्हणाल्या, "बाय, आता तू रांध. तुज्या हातचं जाईल तिला." आणि चुलीवरचा आपला हक्क सोडून त्या अंगणात जाऊन बसल्या. एका सासूने असं करणं किती मोठं असतं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी मऊ भात, मुगाचं कढण, ताकातला पालक असं करत राहिले. कधी ती दोन घास जास्त खायची. त्या दिवशी तिचा नवरा शाळेतून आला की मी दारातच त्याला बोटांनी दोन अशी खूण करायची.

मिठागरांवर मात्र आम्ही खरंच जायचो. ती घरापासून मोटारीने दहा मिनिटांवर होती. तिचा नवरा कुणाची तरी गाडी मागून आणायचा. काळ्या दगडांचे बांध घातलेले चौकोनी वाफे, त्यात पाणी, कडेला पांढऱ्या राशी, आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. ती बांधावर बसून राहायची.

"भाईंदरचा वास येतो ना?" ती म्हणायची.

"मिठाला वास नसतो."

"मिठागराला असतो. तू मास्तरीण आहेस, तुला नाही कळायचं."

मग ती विचारायची आणि मी सांगायची. गोडदेवच्या शेतांत अजून पाणी साचतं का? नाही, तिथे आता इमारती झाल्या, स्टेशनापर्यंत चालत गेलं तरी माती पायाला लागत नाही. टँकर? येतो, अजून भांडणं होतात. मोरव्याची मासेवाली? येते, आता सून बरोबर असते. आपल्या गॅलरीतून खाडी दिसते का? नाही, समोर चार मजले उठले. खाडी दिसत नाही म्हटल्यावर ती बांधावरचं मीठ नखाने खरवडायला लागली. मी खोटं बोलायला हवं होतं. इतकं खोटं बोलत होते, त्यात आणखी एक.

"मला एकदा ने गं," ती म्हणाली. "बरी झाले की."

"मार्चमध्ये जाऊ," मी म्हटलं. "परीक्षा संपल्या की मी येते आणि घेऊन जाते."

शिक्क्याचे तीन महिने संपत आले तेव्हा मुदत वाढवून घ्यायला राजधानीतल्या कचेरीत जायचं ठरलं. तिच्या नवऱ्याला शाळेतून सुटी मिळेना. मला तिथली भाषा येत नव्हती. "मी नेते ताईला," ती म्हणाली, "तेवढंच फिरणं होईल." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायला आमच्याकडे कारण नव्हतं. अल्सरवाल्या बाईने बसने राजधानीला का जाऊ नये?

तिने लिपस्टिक लावली, चांगला कार्डिगन घातला. कचेरीतल्या बाकावर बसून तिनेच माझा अर्ज भरला. तिचं अक्षर पहिल्यापासून सुरेख. मुदत वाढवण्याचं कारण, या रकान्यात तिने मला न विचारता 'टुरिझम' असं लिहिलं आणि खाली मी सही केली.

आत एक वयस्कर अधिकारी होते. चष्मा, समोर शिक्क्यांचा स्टँड. त्यांनी पासपोर्ट उघडून इंग्रजीत विचारलं, "तीन महिने झाले, मॅडम. बेट केवढंसं आमचं. काय काय पाहिलंत?"

मला एकच आठवलं. "मिठागरं."

त्यांनी चष्मा काढला. "मिठागरं?"

"तिला दुसरं काही आवडतच नाही," बहीण हसत म्हणाली. "दिवसभर पुस्तक घेऊन बसते."

आम्ही दोघी मग आपसात मराठीत कुजबुजलो, ते ऐकून अधिकारी एकदम त्यांच्या घरच्या भोजपुरीत आले. हातातलं पेन कागदावर टेकलेलंच होतं. "अउर कौनो बात बा? घर में बेमारी-ओमारी? बता दो, तो हम वही लिख देब."

"है ना!" बहीण आपल्या मुंबईच्या हिंदीत म्हणाली. "मैं हूं ना बीमार! अल्सर है मेरे को. बहन सेवा करने आई है." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "सांग ना ताई, हो म्हणून."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कार्डिगनकडे, गळ्याच्या हाडांकडे. मग तिच्याशी न बोलता त्यांनी मला विचारलं, "सीरियस?"

ती माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर हसू होतं, गंमत करताना असायचं तेच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर, हाताला हात लागेल इतकी जवळ. मी म्हटलं, "नाही. सीरियस काही नाही."

त्यांनी लिहिलं. शिक्का मारला. "फिरायला तीस दिवस पुष्कळ झाले," ते म्हणाले. "आता मीठ सोडून दुसरं काहीतरी बघा."

जिना उतरताना ती कठड्याला धरून म्हणाली, "तीस तर तीस." खाली बाजारात आम्ही डाळपुरी घेतली. तिने अर्धी खाल्ली, अर्धी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी मी तिच्या नवऱ्याला अंगणात सगळं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, डॉक्टरांचं पत्र घेऊन आपण दोघंच पुन्हा जाऊ. आम्ही ते बरेच दिवस घोळवलं. अडचण अशी की कचेरीचं उत्तर घरी टपालाने येणार, आणि घरातलं टपाल तीच उघडायची, तीच सासूबाईंना वाचून दाखवायची. शिवाय मी एका सरकारी माणसासमोर काही नाही असं सांगून आले होते. आता उलट कागद नेला तर ते काय म्हणतील, याची मला शाळामास्तरणीला शोभेल अशी भीती वाटली. ही दोन्ही कारणं खरी होती. पण त्यांच्या मागे तिसरं होतं. ते तीस दिवस तिला चांगले गेले. ती थोडं जास्त जेवायला लागली, स्वेटरची थंडी सरली, एकदा ती माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत आली. अल्सर अल्सर म्हणता म्हणता आम्हालाही तो अल्सरच वाटायला लागला होता.

त्यातच दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला तिने मला उटणं लावायला सांगितलं, लहानपणी लावायची तसं. पहाटे न्हाणीघरात पाटावर ती बसली आणि मी तिच्या पाठीला तेल लावलं. मणके एकेक हाताला लागत होते. लहानपणी मी घाईने रगडायची आणि ती किंचाळायची. आता मी तळहात नुसता टेकवत होते.

"जोरात लाव की," ती म्हणाली. "मी काही मोडत नाही."

मी जोरात लावलं नाही.

निघायच्या दिवशी ती विमानतळावर आली नाही. ढग आलेत म्हणाली. मी म्हटलं, मार्चमध्ये भेटू. सासूबाईंनी माझ्या हातात एक पिशवी दिली, तिच्यात मिठागरावरचं मीठ होतं. शिक्का संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते. विमान आठवड्यातून ठरावीक दिवशीच असायचं, म्हणून तेही वापरता आले नाहीत. त्या दोन दिवसांचा मी आजवर जितका विचार केला, तितका आयुष्यातल्या कुठल्या वर्षाचा केला नसेल.

भाईंदरला आले आणि शाळेत जायला लागले. मुलांच्या वह्या तपासताना हात थांबायचा. आता तिकडे तिला चहा कोण देत असेल, तो गाळलेला असेल ना, पुन्हा उकळलेला तर नसेल. दर रविवारी सकाळी मी स्टेशनजवळच्या फोनच्या बूथवर जायची. बेनच्या घरून करता आला असता, पण त्यांच्यासमोर मला बोलवत नसे. काचेच्या खोक्यात उभं राहून, बाहेर रांगेतली माणसं घड्याळं बघत असताना, मी तिला भाजीपाल्याचं सांगायची. तिचा आवाज दर रविवारी थोडा दुरून यायचा. मी लाइन खराब आहे असं समजायची.

ती डिसेंबरात गेली, एका गुरुवारी. मी वर्गावर होते. शिपायाने येऊन सांगितलं, तुमच्या शेजारच्या बेन आल्यात, आणि बाहेर व्हरांड्यात बेन पदर तोंडाला लावून उभ्या दिसल्यावर पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही. मी तास पुरा केला. ते बरोबर होतं की नाही मला माहीत नाही. नंतर तिच्या नवऱ्याचं पत्र आलं, पुन्हा या म्हणून. मी गेले नाही. तिच्यामागे त्या घरात पाहुणी म्हणून जाऊन मी काय बघणार होते? त्याचीही पत्रं हळूहळू थांबली, आणि त्याला मी दोष देत नाही.

आता माणसं त्या आजाराचं नाव सहज घेतात. शाळेत एका मुलीने रजेच्या अर्जावर ते सरळ लिहिलं, आईला झालाय म्हणून. मी तो अर्ज बराच वेळ हातात धरून बसले होते.

पण मला सांगायचं आहे ते त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारचं. तेवढ्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं, आणि तेवढंच इतका वेळ टाळत आले. बूथमध्ये मी नंबर फिरवला. नवऱ्याने उचलून फोन तिच्याकडे दिला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"ताई, ऐकू येतंय?"

"येतंय. बोल."

"त्या साहेबाला सांगायचं होतंस गं."

मला कळलं. तरी मी विचारलं, "काय सांगायचं होतं?"

"मी तर सांगितलंच होतं," ती म्हणाली. "तू नुसतं हो म्हणायचं होतंस. अजून राहिली असतीस."

बाहेर कुणीतरी काचेवर नाण्याने टकटक केलं. मला वेळ होता. तिथे सरकार नव्हतं, शिक्का नव्हता, कुणापासून काही लपवायचं उरलं नव्हतं. तिने दार उघडून धरलं होतं आणि मला फक्त आत जायचं होतं. मी म्हटलं, "अगं, अल्सरला कोण जास्त दिवस देतं?"

ती म्हणाली, "हां. तेही खरंच." थोड्या वेळाने, अगदी रोजच्या आवाजात, तिने विचारलं, "आज काय केलंस जेवायला?"

"पिठलं."

"कांदा घातलास?"

"घातला."

"मग बरं," ती म्हणाली, आणि नवऱ्याने फोन घेतला.

खरं तर त्या दिवशी सकाळपासून मी गॅससुद्धा पेटवला नव्हता.